‘मी करते ना’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याचा भार कसा आवरायचा : नव्या टीम लीडसाठी

एप्रिलच्या आसपास अप्रेझलची पत्रं हातात पडतात आणि पुण्यातल्या आयटी कंपन्यांमध्ये बरेच जण पहिल्यांदाच टीम लीड होतात. आठ-दहा जणांची टीम मिळते, क्लायंटचे कॉल मिळतात आणि टीममध्ये एखादी व्यक्ती अशी मिळते की तिला काहीही सांगा, ती नाही म्हणत नाही. कामचुकार माणसाला कसं हाताळायचं याचे सल्ले द्यायला सगळे तयार असतात. जास्त काम ओढून घेणाऱ्याबद्दल मात्र एवढंच ऐकू येतं, ‘नशीबवान आहेस, असली माणसं मिळत नाहीत.’

मिळत नाहीत हे खरंच आहे, म्हणून तर ती जपायला हवीत. अशी व्यक्ती दोन-तीन वर्षं टीमचा भार वाहते, मग एके दिवशी राजीनामा देते किंवा आजारी पडते, आणि तेव्हा कळतं की निम्मा प्रोजेक्ट तिच्या एकटीच्या डोक्यात होता. माझं ठाम मत आहे की ‘जरा कमी काम कर’ असं सांगून यातलं काहीही बदलत नाही. काम तिच्यापर्यंत ज्या वाटांनी पोचतं त्या वाटा बदलाव्या लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच लीडच्या हातात असतात. ते कसं करायचं हे इथे क्रमाने लिहिलं आहे. उदाहरणासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या टीममधली एक सीनियर टेस्टर डोळ्यांसमोर ठेवली आहे. बँकेच्या शाखेत किंवा सीएच्या ऑफिसात कामांची नावं वेगळी असतील, बाकी सगळं तेच.

१. आधी खात्री करून घ्या

भरपूर काम करणारा प्रत्येक जण अडचणीत नसतो. काही माणसं मुळातच चपळ असतात. त्यांचं काम वेळेत संपतं, साडेसहाला ती घरी जातात, रजा घेतात, आणि ती नसताना त्यांचं काम दुसऱ्या कोणाला विचारलं तरी उत्तर मिळतं. त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांना उगाच ‘बर्नआउटची काळजी’ दाखवायला गेलात तर त्यांना तो अपमान वाटेल.

अडचण असते तिथे खुणा वेगळ्या दिसतात. स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या टीम मीटिंगमध्ये) नवीन काम निघालं की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ‘मी बघते’ येतं. तिच्या नावावरची टिकिटं (नोंदवलेली कामं) ‘इन प्रोग्रेस’मध्ये साचतात आणि ‘जवळजवळ झालंय’ हे उत्तर चार-चार दिवस तसंच राहतं. रात्री अकरानंतर बिल्डबद्दल (टेस्टिंगला आलेल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीबद्दल) मेल येतात. टीममधल्या कोणालाही काही विचारलं तरी उत्तर एकच, ‘तिला माहीत असेल.’ आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे नीटनेटक्या माणसाच्या हातून बारीकसारीक चुका व्हायला लागतात : अटॅचमेंटशिवाय मेल जातो, चुकीच्या एन्व्हायर्नमेंटवर टेस्ट चालते, कॉलची वेळ विसरली जाते. अशा चुका दिसल्या तर बोल लावण्याआधी तिच्या हातात किती कामं आहेत ते मोजा.

पुण्यात बसून अमेरिकेच्या क्लायंटसाठी काम करणाऱ्या टीममध्ये आणखी एक गोष्ट असते. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. म्हणजे दिवसभराचं काम झाल्यावर कॉलची दुसरी पाळी सुरू होते. त्या कॉलवर कोण बसतं ते दोन आठवडे नुसतं बघा. बहुधा रोज तेच एक-दोन चेहरे दिसतील.

२. सगळी कामं एका शीटवर आणा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नवे लीड नेमकी हीच टाळतात. जिरामध्ये (टिकिटं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) दिसतंय ना सगळं, असं त्यांना वाटतं. जिरामध्ये टिकिटं दिसतात, माणसाचा दिवस दिसत नाही.

तासभर वेळ काढा. जागेवर नको, मीटिंग रूममध्ये बसा किंवा खाली कँटीनच्या कोपऱ्यात. सुरुवात तुमच्या यादीने करा, तिच्या चौकशीने नको. असं काहीसं म्हणता येईल :

‘अगं, सध्या तुझ्याकडे काय काय आहे ते मी लिहून काढायचा प्रयत्न केला. मला सात कामं सापडली. मला खात्री आहे, यात बरीच सुटलीत. आपण दोघं मिळून पूर्ण करू या?’

मग मागच्या दोन आठवड्यांचे पाठवलेले मेल, कॅलेंडर आणि चॅट एकेक करून चाळा. प्रत्येक काम एका ओळीत लिहा आणि पुढे चार रकाने ठेवा : कोणी सांगितलं, कधीपर्यंत हवंय, आठवड्याला किती वेळ जातो, आणि तिच्याशिवाय कोणाला येतं.

बघता बघता यादी वाढत जाते. रिलीजचं रिग्रेशन (नव्या बदलांमुळे जुनं काही बिघडलं नाही ना याची तपासणी) आहे, ते जिरामध्ये होतंच. पण सोमवारी सकाळी क्लायंटला जाणारा एक्सेल रिपोर्ट तीच बनवते, कारण मूळ बनवणारा कंपनी सोडून गेला आणि जाताना तिला केटी देऊन (म्हणजे काम समजावून) गेला. शेजारच्या टीमला यूएटीसाठी (क्लायंटकडून होणाऱ्या शेवटच्या तपासणीसाठी) डेटा तीच तयार करून देते. नव्या दोन फ्रेशरच्या टेस्ट केसेस तपासते. शनिवारच्या इंटरव्ह्यू ड्राइव्हला पॅनेलवर तिचं नाव असतं. ट्रॅडिशनल डेच्या कमिटीत ती असते. रात्रीची बॅच (रात्री आपोआप चालणारी संगणकाची कामं) अडकली की सपोर्टवाले थेट तिच्या मोबाइलवर फोन करतात, कारण एकदा तिने उचलला होता. आणि ‘पाचच मिनिटं हवीत गं’ म्हणून येणारे कॉल, ते तर ती स्वतःही काम म्हणून धरत नाही.

सातच्या जागी सोळा ओळी झाल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका. ‘कोणी सांगितलं’ हा रकाना नीट वाचा. बऱ्याच ओळींपुढे तुमचं किंवा तुमच्या आधीच्या लीडचं नाव असेल. काहींपुढे ‘कोणीच नाही, मीच घेतलं’ असेल. या दोन गटांवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा रकाना रिकामा ठेवू देऊ नका.

शेवटचा रकानाही तितकाच बोलका असतो. ज्या ओळींपुढे ‘कोणालाच नाही’ असं लिहिलंय, तिथे तुमचा प्रोजेक्ट एका माणसाच्या तब्येतीवर चाललेला आहे. त्या ओळी लाल करा.

३. थोडं गणित हाताशी ठेवा

‘तू थकशील’ असं म्हटलं की अशी माणसं हसून ‘मला सवय आहे’ म्हणतात. पण त्यांना काम चांगलं व्हायला हवं असतं, आणि कामाच्या भाषेत बोललं की ती ऐकतात. म्हणून दोन हिशेब समजून घ्या.

पहिला जॉन लिटल यांचा, १९६१ साली त्यांनी सिद्ध केलेला नियम. हातात सरासरी जितकी कामं असतात त्याला आठवड्याला पूर्ण होणाऱ्या कामांनी भागलं की एक काम पुरं व्हायला सरासरी किती आठवडे लागतात ते कळतं. हातात सोळा कामं आणि आठवड्याला चार संपतात, तर प्रत्येक काम सरासरी चार आठवडे रेंगाळतं. वेग तोच ठेवून हातातली कामं आठवर आणली तर दोन आठवडे. म्हणजे ती तितकंच काम करेल, पण समोरच्याला उत्तर निम्म्या वेळात मिळेल. शिवाय सोळा कामांमध्ये उड्या मारताना जो वेळ वाया जातो तो वाचल्यामुळे वेगही थोडा वाढतो.

दुसरा हिशेब रांगांचा. त्याची सुरुवात डॅनिश गणितज्ञ आणि अभियंता एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोन एक्स्चेंजच्या अभ्यासातून केली. कामं आपापल्या मर्जीने, ठरलेल्या वेळेशिवाय येतात असं धरलं, तर या शास्त्रातलं सगळ्यात साधं मॉडेल असं सांगतं : माणूस ८० टक्के व्यग्र असेल तर एका तासाच्या कामाला सरासरी ४ तास रांगेत थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ९ तास. ९५ टक्क्यांना १९ तास. शेवटच्या त्या थोड्याशा टक्क्यांत सगळं घोडं अडतं. प्रॉडक्शनमध्ये बग आला आणि तिच्याकडे तासभरही मोकळा नाही, यात तिचा दोष नाही, आपण तिचं वेळापत्रक काठोकाठ भरलंय त्याचा आहे.

तब्येतीचा हिशेबही माहीत असू द्या, पण तो तिच्यापेक्षा तुमच्या वरच्यांशी बोलताना वापरा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एकत्र प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. सकाळी साडेनऊला येऊन रात्री साडेनऊच्या कॉलपर्यंत बसणारी व्यक्ती जेवणाचा तास वगळूनही पाच दिवसांत ५५ तास भरते. त्यात शनिवारचा इंटरव्ह्यू ड्राइव्ह धरलेलाच नाही.

४. ती एवढं का घेते, हे विचारा

इथे घाई करू नका. वरून सारखी दिसणारी दोन माणसं पूर्ण वेगळ्या कारणांनी काम ओढत असतात.

काहींना भीती असते. मागच्या प्रोजेक्टमधून बेंचवर गेल्यावर (प्रोजेक्टशिवाय बसून राहिल्यावर) काय होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं, घराचा हप्ता चालू असतो, आणि आपण नसलो तर अडेल अशी जागा म्हणजेच सुरक्षित जागा असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. अशा माणसाकडून काम काढून घेतलंत तर त्याला पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटतं. त्याला आधी स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं की तुझी जागा या रिपोर्टमुळे नाही. आणि ते खरं असेल तरच सांगा. पुढच्या तिमाहीत बिलिंग कमी होणार हे तुम्हाला माहीत असताना खोटा दिलासा देऊ नका.

काहींना दुसऱ्याच्या कामावर भरवसा नसतो. ‘त्याला समजावण्यापेक्षा मीच करते, लवकर होतं.’ हे एका दिवसापुरतं खरं असतं, वर्षापुरतं नसतं. अशांना सोपवायला शिकवावं लागतं, आणि सोपवलेलं काम पहिल्यांदा त्यांच्या मनासारखं होणार नाही याची तयारी करून घ्यावी लागते.

काहींना नाही म्हणताच येत नाही. घरात धाकटी सून, ऑफिसात सगळ्यात जुनी टेस्टर, दोन्हीकडे ‘ती करते’ हे गृहीत धरलेलं. बायकांच्या वाट्याला वाढदिवसाचे केक, मीटिंगचे मिनिट्स, नव्या मुलींना रुळवणं अशी अप्रेझलमध्ये न मोजली जाणारी कामं जास्त येतात हे डोळे उघडे ठेवलेत तर कोणत्याही मजल्यावर दिसेल. त्यांच्या बाबतीत ‘नाही म्हणायला शीक’ हा सल्ला निरुपयोगी आहे. त्यांच्या वतीने काही दिवस तुम्ही नाही म्हणा.

आणि काहींना खरंच काम आवडतं. त्यांना कमी काम नको असतं, चांगलं काम हवं असतं. सोळापैकी दहा किरकोळ कामं काढून एक अवघड, नवं काम दिलंत तर ती खूश होतात. ऑटोमेशनचं फ्रेमवर्क उभं करायला वेळ मिळाला म्हणून सोमवारचा रिपोर्ट आनंदाने सोडतात.

कारण कळल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका. ते एका बैठकीत कळेलच असं नाही.

५. दार एकच ठेवा

आता प्रत्यक्ष बदल. पहिला आणि सगळ्यात परिणामकारक : तिच्याकडे काम थेट जाणार नाही, तुमच्यामार्फत जाईल. शेजारच्या टीमला, सपोर्टला, डिलिव्हरी मॅनेजरला एक साधा मेल टाका.

‘टेस्टिंगसंबंधी कोणतीही नवी विनंती यापुढे माझ्याकडे पाठवावी. कोणाकडे काय आहे ते पाहून मी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत नाव आणि तारीख कळवेन.’

दुसरं वाक्य पाळणं फार गरजेचं आहे. तुम्ही संध्याकाळपर्यंत उत्तर दिलं नाहीत तर दोन दिवसांत लोक पुन्हा तिच्या डेस्कवर जातील, आणि त्यांचंही चूक नाही.

दुसरा नियम : एका वेळी हातात जास्तीत जास्त तीन कामं. चौथं हवं असेल तर आधीचं एक संपवायचं किंवा परत द्यायचं. हा आकडा तीनच असावा असं नाही, तुमच्या कामाप्रमाणे ठरवा, पण सगळ्या टीमला सारखाच लावा. तिला एकटीलाच लावलात तर ती शिक्षा वाटेल. टीमच्या कामांच्या बोर्डवर ‘इन प्रोग्रेस’च्या रकान्यावर तो आकडा लिहून ठेवा. टोयोटाच्या कारखान्यातून आलेल्या कानबान पद्धतीचा सगळा जीव या मर्यादेत आहे. बोर्ड लावून मर्यादा न पाळणाऱ्या टीमने फक्त रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, एवढंच म्हणता येईल.

तिसरा नियम मीटिंगसाठी. नवं काम निघालं की त्याच बैठकीत ते कोणालाही द्यायचं नाही. ‘हे कोणाकडे द्यायचं ते उद्याच्या स्टँडअपला ठरवू’ म्हणा. या एका वाक्याने ‘मी बघते’ म्हणण्याची घाई निम्म्याने कमी होते, आणि जे गप्प बसतात त्यांना विचार करायला रात्र मिळते. तरी तिने हात वर केलाच तर सगळ्यांसमोर टोकू नका. ‘तुझ्याकडच्या तीनमधलं कोणतं बाजूला ठेवू या?’ एवढं विचारा. हे नुसतं विचारायचं म्हणून विचारू नका, तिच्या उत्तराची वाट बघा.

६. काम काढून घेताना मान राखा

शीटवरच्या लाल ओळींपैकी एक निवडा. एकच. सोमवारचा रिपोर्ट घेऊ. सगळं एकदम वाटून टाकण्याचा मोह होईल, पण तसं केलंत तर एकही काम नीट हस्तांतरित होत नाही आणि एक ना धड भाराभर चिंध्या होतात.

तीन सोमवार द्या. पहिल्या सोमवारी ती रिपोर्ट करते आणि नवा माणूस शेजारी बसून पायऱ्या लिहून घेतो. लिहायचं त्याने, तिने नाही, नाहीतर डॉक्युमेंट बनवणं हे तिचं सतरावं काम होतं. दुसऱ्या सोमवारी तो करतो, ती शेजारी बसते आणि कीबोर्डला हात लावत नाही. तिसऱ्या सोमवारी तो एकटा करतो आणि मेलही त्याच्या नावाने जातो. क्लायंटला आधी कळवून ठेवा की पुढच्या आठवड्यापासून रिपोर्ट वेगळ्या नावाने येईल, तो कोणी घडवला आणि आता कोण पाहणार आहे. तिचं श्रेय त्या मेलमध्ये स्पष्ट शब्दांत लिहा.

तिसऱ्या सोमवारी चूक होणार. एक्सेलमधला एखादा पिव्होट (सारांशाचा तक्ता) रिफ्रेश करायचा राहील, आकडा जुना जाईल. ती लगेच ‘बघितलंस? मीच करायला हवा होता’ म्हणेल. इथे तुम्ही डगमगलात तर केलेलं सगळं पाण्यात. चूक दुरुस्त करणारा मेलही त्यालाच पाठवू द्या. क्लायंटचा फोन तुम्ही घ्या.

वयाने किंवा अनुभवाने मोठा सहकारी असेल तर भाषा बदला. पंधरा वर्षं मेनफ्रेमवर (मोठ्या, जुन्या धाटणीच्या संगणकांवर) काढलेल्या माणसाला पाच वर्षांच्या लीडने ‘तुमच्याकडचं काम कमी करतोय’ म्हणणं बरं दिसत नाही. ‘सर, ही बॅच तुमच्याशिवाय कोणालाच कळत नाही, मला त्याची धास्ती वाटते. दोन जणांना तुमच्या हाताखाली तयार कराल का?’ यात खोटं काही नाही, मागणी रास्त आहे, आणि त्यांच्या अनुभवाचा उपयोगही होतो.

काही शब्द मात्र टाळाच. ‘आमची सुपरवुमन’, ‘हिच्याशिवाय प्रोजेक्ट चालतच नाही’ अशी कौतुकं टाऊनहॉलमध्ये करायची आणि मग एकांतात तिला कमी काम करायला सांगायचं, हे जुळत नाही. तिला टाऊनहॉलमधलंच लक्षात राहतं.

७. बाकीच्यांकडेही बघा

एकजण सगळं ओढत असेल तर बाकीचे आळशी असतील असं पटकन मनात येतं. बहुतेक वेळा तसं नसतं. त्यांनी दोन-तीनदा हात वर केलेला असतो, तेवढ्यात ‘मी बघते’ आलेलं असतं, आणि नंतर त्यांनी प्रयत्न सोडलेला असतो. अवघड काम कधी वाट्यालाच आलं नाही म्हणून ते शिकले नाहीत, आणि शिकले नाहीत म्हणून अवघड काम वाट्याला येत नाही. दोन-तीन वर्षांच्या अनुभवाची मुलं अशा टीममधून कंटाळून जातात, आणि एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये ‘ग्रोथ नाही’ असं लिहितात. त्यांच्याशी वेगवेगळं बोला आणि प्रत्येकाला शीटवरची कोणती ओळ शिकायची आहे ते विचारा. उत्तरं ऐकून तुम्हाला वाटप बरंच सोपं जाईल.

८. रजा घ्यायला लावा

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा दिली आहे, आणि ती वापरली नाही तर वाया जाते. अर्जित रजा साठते, पण ४५ दिवसांपर्यंतच. अशा माणसांच्या खात्यात ४५ च्या आसपास आकडा अडकून पडलेला असतो. एचआरकडून तो मागवून घ्या.

या बाबतीत बँकांकडून शिकण्यासारखं आहे. संवेदनशील जागी काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, सलग किमान १० कामकाजाचे दिवस, पूर्वसूचना न देता सक्तीच्या रजेवर पाठवावं, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. उद्देश गैरव्यवहार उघडकीला यावेत हा आहे, पण त्याच रजेत त्या जागेचं काम कशावर अवलंबून होतं हेही कळून येतं. आपल्या टीममध्ये पूर्वसूचना न देण्याची काही गरज नाही. रिलीज नसलेला आठवडा दोन महिने आधी ठरवा, तिचा लॅपटॉप ऑफिसात ठेवायला सांगा, आणि त्या आठवड्यात कुठे काय अडलं ते रोज संध्याकाळी लिहून ठेवा. ती यादी म्हणजे पुढच्या तीन महिन्यांचं केटीचं वेळापत्रक.

ती परत आल्यावर रजेतले साचलेले मेल पहिल्याच दिवशी तिच्यावर सोडू नका. काय घडलं ते अर्ध्या तासात तोंडी सांगा.

९. वरच्यांना तयार करा

डिलिव्हरी मॅनेजरला नाव विचारलं की तो तिचंच घेतो, कारण एस्कलेशन (क्लायंटची वरपर्यंत गेलेली तक्रार) आलं तेव्हा तिनेच वाचवलं होतं. त्याला ‘तिच्यावर लोड जास्त आहे’ असं नुसतं सांगू नका, ते तो सगळ्यांकडून रोज ऐकतो. शीट समोर ठेवा आणि निवड त्याच्यावर सोपवा : ‘सर, हे नवं मॉड्यूल तिला द्यायचं तर रिग्रेशन दोन दिवस पुढे जाईल, किंवा यूएटीचा डेटा दुसऱ्याकडे द्यावा लागेल. कोणतं चालेल?’ निर्णय झाला की मेलवर दोन ओळी लिहून ठेवा.

अप्रेझलमध्ये काय मोजलं जातं हे बदलल्याशिवाय बाकीचं टिकत नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतो. वर्षभर तुम्ही मर्यादा पाळायला लावलीत आणि मार्चमध्ये सगळ्यात चांगलं रेटिंग रात्री जागणाऱ्याला दिलंत, तर सगळ्या टीमला खरा नियम कोणता ते कळलं. म्हणून उद्दिष्टं वर्षाच्या सुरुवातीलाच बदलून घ्या. ‘दोन जणांना रिग्रेशन स्वतंत्रपणे करता येईल इतकं तयार करणं’ हे तिच्या उद्दिष्टांत लिहा आणि त्याला गुण द्या. रेटिंगच्या बैठकीत तिची बाजू मांडताना आकडे तेच सांगा : तिने किती माणसं तयार केली, किती लाल ओळी मिटवल्या. तास सांगू नका.

१०. हे तुमच्या हाताबाहेर कधी जातं

झोप उडालेली, वजन उतरलेलं, छोट्या बोलण्यावर डोळ्यांत पाणी, आधी जीव लावून केलेल्या कामाबद्दल ‘काय फरक पडतो’ अशी भाषा, हे दिसायला लागलं तर वाटप आणि बोर्ड बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद कामाशी निगडित अवस्था म्हणून केली आणि तीन लक्षणं सांगितली : शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने तुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. निदान करणं तुमचं काम नाही. एकांतात विचारा, ऐकून घ्या, कंपनीची समुपदेशनाची सोय असेल तर नंबर द्या. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मोफत आहे. रजेचा अर्ज आला तर कारण न विचारता मंजूर करा. आणि ऐकलेली गोष्ट टीममध्ये फिरू देऊ नका.

लीड नसाल, नुसते सहकारी असाल तर

मग वाटपाचे अधिकार तुमच्याकडे नाहीत, पण काही गोष्टी करता येतात. तिच्याकडे ‘पाचच मिनिटं’ मागायला जाण्याआधी डॉक्युमेंट वाचा. ती बोलण्याआधी स्टँडअपमध्ये एखादं काम स्वतःहून मागा, आणि ते शेवटपर्यंत न्या. ‘मला मदत कर’ म्हणण्यापेक्षा ‘मला हे शिकव, पुढच्या वेळेपासून मी करेन’ म्हणा आणि शब्द पाळा. रात्री तिचा मेल आला तर सकाळी उत्तर द्या.

तिच्या मॅनेजरशी बोलावंसं वाटलं तर तिला सांगून जा. पाठीमागे केलेली काळजी तक्रारीसारखी पोचते, आणि अप्रेझल जवळ असेल तर तिचंच नुकसान होतं. त्यापेक्षा ‘मी सरांशी आपल्या टीमच्या वाटपाबद्दल बोलणार आहे, तुझं उदाहरण देऊ का?’ असं विचारा. ती नको म्हणाली तर स्वतःचं उदाहरण द्या.